मांडवीचा पूल आणि माझे गुडघे

सावंतवाडीहून ओल्ड गोव्याला चालत जायचं म्हणजे साठेक किलोमीटर, लोक विचारतात पाय दुखले का, ऊन लागलं का. दुखले ना. पण माझं दुखणं वेगळंच, मला पुलांची भीती वाटते. गाडीत बसलेली असले तरी पोटात गोळा येतो आणि या वाटेवर बांद्याला तेरेखोल नदी, कोलवाळला शापोरा, शेवटी पणजीची मांडवी. 1986 च्या जुलैत मांडवीवरचा पूल पडला तो किस्सा घरी इतक्यांदा ऐकलाय की विचारू नका. आताचे पूल नंतरचे आहेत हे डोक्याला कळतं, गुडघ्यांना नाही.

24 नोव्हेंबरपासून नवेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, आणि 3 डिसेंबरला ओल्ड गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे आमच्या गोंयच्या सायबाचं. सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवारकडून लोक चालत येतात. पंढरपूरला जाणारे माझे मित्र याला 'तुमची वारी' म्हणतात, मला आवडतं ते.

बांद्याचा पूल आंटीचा हात धरून कसाबसा झाला. कोलवाळला मी मधेच थांबले, मागचे लोक पुढे गेले, रडू आलं आणि लाजही वाटली. तेव्हाच ठरवलं की मांडवी पुलावरून नाही, बेतीला उतरून फेरीबोटीने पणजी गाठायची, सायब काय रागावणार नाही. आंटी एवढंच म्हणाली, "जा गो बाय, पण पर्वरीपर्यंत तरी चल आमच्यावांगडा."

रात्री मुक्कामाला कुणीतरी बायबलमधला मत्तयचा 14 वा अध्याय वाचला, येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालतो आणि वाऱ्याला भिऊन बुडायला लागतो तो. मला आधी नेहमी वाटायचं येशूने पहिल्यांदा वारा थांबवायला पाहिजे होता, म्हणजे बिचारा पेत्र भ्यायलाच नसता. पण तिथे तसं नाहीये, आधी हात धरला, वारा पडला तो दोघं होडीत चढल्यावर. म्हणजे वारा चालू असतानाच चालायचं! हे मी शंभरदा ऐकलं असेल, पण त्या रात्री झोपच लागली नाही.

आणि सायब तरी काय, 1541 ला लिस्बनहून निघाला तो 1542 च्या मे महिन्यात गोव्यात पोचला, दोन महिने बोट लागून मळमळत होतं असं पत्रात लिहिलंय त्याने. माझा पूल दहा-पंधरा मिनिटांचा.

पर्वरीचा उतार संपला, फेरीकडे वळायची जागा आली आणि मी वळलेच नाही. का ते नीट सांगता येत नाही. आंटीने तेर्स, म्हणजे माळेवरची प्रार्थना, सुरू केला, मी "नमान मारिये" म्हणत समोरच्याच्या पिशवीकडे बघत चालले, ट्रक गेला की पायाखाली पूल हलायचा, तळहात ओलेचिंब. मधे एकदा प्रार्थना विसरले तर नुसतं "हात धर, हात धर" म्हणत होते, आंटीला वाटलं तिलाच सांगतेय, तिने धरला.

ओल्ड गोव्यात सायबाच्या बॉम जेझूस चर्चच्या लाल चिऱ्याच्या भिंती दिसल्या तेव्हा रांग एवढी मोठी की भावूक व्हायला वेळच नव्हता, आधी पाणी शोधलं.

भीती गेली का? नाही. परतताना बस पुलावर आली तेव्हा पोटात गोळा आलाच. कोणी येणार असाल तर नवे शूज घालू नका, आणि अंधारात हायवेवर रिफ्लेक्टरवालं जॅकेट घालाच, ट्रकवाल्यांना आपण दिसत नाही. ट्रकची भीती मात्र सांभाळून ठेवा, तिच्यासाठी मी काही प्रार्थना करत नाही.