'ऐन' शब्दाचा शोध

बेळगावच्या टिळकवाडीतील आमच्या भाषांतराच्या कचेरीत एका सोमवारी खानापूर तालुक्यातील एक शेतकरी जुने मराठी वाटणीपत्र घेऊन आले. त्याचा कन्नड अनुवाद त्यांना दुसऱ्याच दिवशी न्यायालयात दाखल करायचा होता. बांधावरच्या झाडांची यादी सोडली, तर काम नेहमीचेच होते. फणसाला हलसू आणि जांभळाला नेरळे म्हणतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मी अडलो तो 'ऐन' या झाडापाशी.

अशा शोधांसाठी मी आदल्याच रात्री फ्लो लाँचर या संगणकावर झटपट शोध घेण्याच्या प्रोग्रॅममध्ये छोट्या खुणा बसवल्या होत्या. ऑल्ट आणि स्पेस एकत्र दाबून 'एमडब्ल्यू' आणि पुढे शब्द लिहिला की मराठी विकिपीडियात शोध व्हावा, 'केडब्ल्यू' लिहिले की कन्नड विकिपीडियात, अशी योजना होती. प्रत्यक्षात काहीही विचारले तरी शोध होई तो टक्क्याचे चिन्ह आणि एस यांचाच. दुवे मी ब्राउझरच्या सेटिंगमधून जसेच्या तसे उचलले होते. तेथे शोधशब्दाची जागा त्या दोन चिन्हांनी दाखवतात, तर या लाँचरला त्याच जागी महिरपी कंसातला क्यू लागतो.

ते दुरुस्त केल्यावरही खूण लागू होईना. शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "काका, कीबोर्ड मराठीवरच हाय की ओ!" इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्ड मांडणीत एमच्या कळीवर 'स' आणि डब्ल्यूच्या कळीवर 'ऐ'ची मात्रा असते, म्हणून मी टाइप करत होतो ते 'सै', आणि त्या नावाची खूण लाँचरला माहीत नव्हती. दिवसभर तीन लिप्यांत काम करणाऱ्याने हे आधीच ओळखायला हवे होते. इनस्क्रिप्टमध्ये मराठी व कन्नड अक्षरांच्या कळी बहुतांशी त्याच असल्यामुळे प्रत्येक शोधाची इंग्रजी, देवनागरी आणि कन्नड अशी तिहेरी नोंद केली. बोटांची सवय मात्र एकच राहिली.

आता शोध चालला, पण 'ऐन'ने साध्या वेबशोधात 'ऐन वेळी' आणि 'ऐन उन्हाळ्यात' यांचाच पाऊस पाडला. तेव्हा वेबशोधाच्या दुव्यातच क्यूच्या आधी 'वृक्ष' हा शब्द कायमचा घातला आणि त्याला 'झा' ही खूण दिली. टर्मिनालिया एलिप्टिका हे शास्त्रीय नाव त्यातून मिळाले आणि त्याच्या आधारे कन्नड 'मत्ती'पर्यंत पोहोचलो.

मी तो शब्द मोठ्याने वाचताच बाकावर बसलेले शेतकरी म्हणाले, "मत्तीच की ओ! आमच्या शेजारचे कानडी लोक तसंच म्हणतात. आणि हिरड्याला अळले."

त्यानंतर प्रत्येक झाड आधी त्यांना विचारले आणि त्यांनी सांगितलेले नाव खुणेने पडताळले. किंजळाचे कन्नड नाव मात्र त्यांनाही आठवेना, तेव्हा पुन्हा 'झा' लिहून टर्मिनालिया पॅनिक्युलाटावरून मागोवा घ्यावा लागला.