रिकामा चौकोन

वहीत पट्टीने रेघा मारून चौकोन आखण्यात एक वेगळंच सुख असतं. डाव्या बाजूला एकाखाली एक नेम लिहायचे: लवकर उठणं, व्यायाम, वाचन, मोबाइल कमी, आणि शेवटी जरा मोठेपणाचं म्हणून ‘राग आवरणं’. वरच्या ओळीत तारखा. रोज रात्री ज्याच्या त्याच्या चौकोनात बरोबरची खूण. एवढं आखून झालं की अर्धं काम उरकल्यासारखं वाटतं, आणि खरी गोम तिथेच आहे. आखणारा आणि पाळणारा माणूस एकच असला, तरी दोघांची फारशी ओळख नसते. आखणारा रात्री उत्साहाच्या भरात सकाळी साडेपाचची वेळ लिहून मोकळा होतो. उठायचं दुसऱ्याला असतं.

अशा वह्या बघायला मला आवडतं. (दाखवल्या तर. मागून बघण्याची ही गोष्ट नव्हे.) एका मैत्रिणीने तिची दाखवली होती. सुरुवातीच्या खुणा रोजच्या रोज केलेल्या, हे बघताक्षणी कळत होतं. एक निळ्या पेनाची, एक पेन्सिलीची, एक घाईत नुसती टेकवलेली, एकीची शेपटी पार शेजारच्या चौकोनात गेलेली. त्या दिवशी बाईसाहेब खुशीत असणार. पुढे मात्र ओळीने काही खुणा एकाच शाईच्या, एकाच तिरकेपणाच्या, एका दमात ओढलेल्या.

‘‘हे नंतर एकदम भरलंस ना गं?’’

‘‘आठवून आठवून भरलंय, खोटं नाही काही,’’ ती म्हणाली आणि हसली.

त्या खुणांच्या पुढे एक रिकामा चौकोन होता. आणि त्याच्यापुढे काहीच नव्हतं. पानं आखलेली, तारखा घातलेल्या, सगळी कोरी. दोन-चार दिवस विसरूनही जी वही तगली, तिला एका प्रामाणिक रिकाम्या चौकोनाने बंद पाडलं!

जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी, पुढे अमेरिकेचे मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ म्हणून गाजलेल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी अशीच वही आखली होती. तेव्हा ते विशीत होते, आणि थेट निर्दोष व्हायचंच ठरवून बसले होते. विशीत असं काहीतरी ठरवावंच. मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर असे करत त्यांनी १३ गुण निवडले. मौन कशासाठी, तर बडबडीची आणि कोट्या करण्याची खोड जावी म्हणून. प्रत्येक गुणाला एक पान, पानावर आठवड्याच्या सात वारांचे सात रकाने. एका आठवड्यात एकाच गुणाकडे डोळ्यांत तेल घालून बघायचं, बाकीचे बारा जसे जमतील तसे. १३ आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार.

पण त्यांची खूण आपल्या उलट होती. जमलं त्याची नोंदच नाही. चुकलं की काळा ठिपका. म्हणजे त्यांच्या वहीत रिकामा चौकोन हीच शाबासकी. ठिपके इतके पडायला लागले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. नव्या फेरीसाठी जुने ठिपके खरवडता खरवडता कागदाला भोकं पडली. मग त्यांनी हस्तिदंती पानांची टिपणवही घेतली, तिच्यावर तांबड्या शाईने कायमच्या रेघा आखल्या आणि ठिपके पेन्सिलीने द्यायला सुरुवात केली, म्हणजे ओल्या स्पंजने पुसता येतील. मला या माणसाच्या गुणांपेक्षा हा स्पंज जास्त आवडतो. चुका होणारच आहेत हे धरून चालणाऱ्या माणसाचीच ही सोय. व्यवस्थितपणा त्यांना शेवटपर्यंत जमला नाही. ७९व्या वर्षी आत्मचरित्रात हे सगळं लिहिताना त्यांनी तसं कबूल केलंय, वर असंही म्हटलंय की निर्दोष काही झालो नाही, पण खटाटोप केला नसता तर जसा राहिलो असतो, त्यापेक्षा बरा आणि सुखी झालो.

आपल्याला एवढा दम कुठला! आपल्याला मुदत लागते. सवय लागायला किती दिवस लागतात म्हणून कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं: २१. या आकड्याचा माग काढत गेलं की आपण मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनपाशी पोचतो. १९६० साली आलेल्या पुस्तकात त्यांनी लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला स्वतःचा नवा चेहरा अंगवळणी पडायला साधारण किमान २१ दिवस लागतात. पुढे या तोंडून त्या तोंडी जाताना ‘किमान’ गळालं, चेहराही गळाला, आकडा तेवढा राहिला. आता नव्या नाकाची सवय व्हायला काही पहाटे उठावं लागत नाही. नाक आपलं आपण जागेवर असतं, आरशात बघितलं की झालं. धावायला जाण्याचं तसं नाही. पण २१ हा आकडा आहेच गोड. महिन्याहून कमी, आठवड्याहून भारदस्त. नव्याचे नऊ दिवस संपले तरी फक्त बाराच उरतात.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट मोजून बघितली. तो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी खाण्या-पिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी सवय निवडली, ती दिवसातल्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडली आणि ८४ दिवस पाळायचा प्रयत्न केला. ती कृती विचार न करता, आपोआप व्हायला लागण्याचा मधला आकडा निघाला ६६ दिवस. कुणाचं १८ दिवसांत भागलं, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब आला. (अभ्यास ८४ दिवसांचा, म्हणजे हा आकडा अंदाजाचाच.) एक ग्लास पाणी पिण्याची सवय लवकर रुजते, व्यायामाची रेंगाळते, हे सांगायला शास्त्रज्ञ नकोत. पण त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही.

मग मैत्रिणीची वही कशाने बंद पडली?

१९७५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. खाण्यावर ताबा ठेवणाऱ्या काही जणांना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग चव सांगा म्हणून आइस्क्रीम पुढे ठेवलं. मिल्कशेक न मिळालेल्या पथ्यकरांपेक्षा मिल्कशेक प्यायलेल्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं. जे मुळात असा ताबाबिबा ठेवत नव्हते, त्यांनी मात्र पोट भरलं तसं हात आखडता घेतला. नेम करणाऱ्याचा नेम मोडला की त्याला भूकबीक काही कळत नाही. ‘आता मोडलाच आहे ना, मग जाऊ दे’ एवढंच कळतं. दिवस एक चुकतो, आणि आपण स्वतःला अख्ख्या महिन्याची सुटी देतो. वर ‘एक तारखेपासून नव्याने’ असं म्हणतो. आरंभशूर म्हणतात ते आपल्यालाच.

म्हणून वही बघताना मी हल्ली खुणांची लांबच लांब रांग बघतच नाही. खंडानंतरचा चौकोन बघते. तिथे खूण असली की त्या माणसाचं बरं चाललंय असं समजते. ती खूण करायला सगळ्यात जड असते, कारण त्या दिवशी उत्साह नसतो, कौतुक नसतं, रांग मोडलेली असते आणि नवी सुरू झाली म्हणावं तर एकाची काय रांग! त्या दिवशी दहाच मिनिटं चालून आलेला माणूस, एकही दिवस न चुकवता तासभर चालणाऱ्यापेक्षा मला जास्त भरवशाचा वाटतो. मोबाइलमधल्या बऱ्याच ॲपना मात्र हे पटत नाही. तिथे एक दिवस चुकला की आकडा धाडकन शून्यावर येतो. स्पंज त्यांना माहीतच नाही.

शिवाय काही गोष्टी चौकोनात बसतच नाहीत. ‘आज कुणाचं बोलणं मध्ये तोडलं नाही’ याची खूण कशी करायची? नाही तोडलं, की बोलायला कुणी भेटलंच नाही? फ्रँकलिन मुळात १२च गुणांवर थांबले होते. ‘तू गर्विष्ठ आहेस असं लोक म्हणतात’ हे एका मित्राने ऐकवल्यावर नम्रता यादीत आली. ती अंगी बाणली असा दावा त्यांनी केला नाही. पण बोलण्यातले ‘नक्कीच’, ‘निःसंशय’ असले शब्द काढून टाकले आणि तिथे ‘मला असं वाटतं’, ‘सध्या तरी असं दिसतं’ बसवले. वादही मग कमी झाले. आतला माणूस किती बदलला कोण जाणे, पण समोरच्याला तेवढ्याने पुरत असावं.

माझ्या ओळखीचे एक काका होते तसे. आपण काही सांगायला लागलो की दुसऱ्याच वाक्याला त्यांचा सल्ला तयार. गेल्या काही वर्षांत कधीतरी ते थांबले. आता ऐकतात, मध्येच ‘मग काय झालं?’ एवढं विचारतात आणि पुन्हा गप्प. वही नाही, ॲप नाही, कसला संकल्प केल्याचंही कुणाला आठवत नाही. घरात सगळ्यांच्या हे लक्षात आलंय, आणि काकूंनी तर ते दोनदा बोलूनही दाखवलं. न राहवून मी एकदा त्यांना विचारलं, हे कसं जमवलंत?

‘‘म्हणजे काय?’’ ते म्हणाले. ‘‘मी पहिल्यापासून असाच आहे.’’