सॉलसवर वाद घालायचा तर क्रेस्टवुडपासून घाला

'ड्रॅगन एज' या व्हिडिओ गेम मालिकेतला एल्फ जादूगार सॉलस खलनायक की शोकनायक, हे भांडण २०१४ पासून चालू आहे आणि बहुतेक वेळा ते भलत्याच मुद्द्यावर अडतं. एक बाजू म्हणते, जग मोडायला निघालेल्यावर प्रेम कसलं? दुसरी म्हणते, त्याने एल्फ गुलामांना सोडवलं होतं. दोन्ही खरं, पण हा सगळा हिशेब फेन'हारेलचा, म्हणजे सॉलसच्या दडवलेल्या देवरूपाचा झाला. प्रियकर म्हणून त्याला जोखायचं तर क्रेस्टवुड या ठिकाणी तो नातं तोडतो तो प्रसंगच बघायला हवा. (पुढे 'ड्रॅगन एज'च्या तिसऱ्या आणि चौथ्या भागाचा शेवट उघड होतो.)

मालिकेच्या तिसऱ्या भागात, 'इन्क्विझिशन'मध्ये, नायक म्हणजे इन्क्विझिटर आपणच घडवतो; सॉलसशी रोमान्स फक्त एल्फ स्त्रीला, म्हणजे लवेलानलाच मिळतो. हेवन या सुरुवातीच्या तळापासून फ्लर्टचे पर्याय घेत राहा आणि त्याचं अॅप्रूव्हल, म्हणजे तुमच्याबद्दलची पसंती, वर ठेवा. त्याला प्रश्न विचारलेले आवडतात, आत्म्यांशी नरमाईने वागलेलं आवडतं. 'व्हॉट प्राइड हॅड रॉट' ही मुख्य मोहीम संपली की स्कायहोल्ड किल्ल्यावर परतून आधी त्याच्याशी बोला. तसं न करता थेट शेवटच्या लढाईला गेलात तर प्रसंग हुकतो, कारण लढाईनंतर तो निघून जातो.

क्रेस्टवुडला तो सांगतो की वालास्लिन, डेलिश लोक देवांच्या सन्मानाचं मानतात ते चेहऱ्यावरचं गोंदण, मुळात मालकांनी गुलामांवर उमटवलेली खूण होती. पुसू का, असंही विचारतो. पुसा किंवा ठेवा, त्यानंतर तो नातं तोडतोच. माझ्या मते सगळा खटला इथेच आहे. गोंदणाबाबत तो माहिती देतो, परवानगी मागतो, नकारही ऐकतो. स्वतः कोण आहे ते मात्र सांगत नाही, आणि नात्याचा निर्णय एकटाच घेतो.

ओळख लपवून पुढे जायचं नव्हतं म्हणूनच तो थांबला, असं त्याची बाजू घेणारे म्हणतात. यात तथ्य आहे. या रोमान्समध्ये शय्येचा प्रसंग नाही, आणि लेखनातलं ते मला फार मोलाचं वाटतं. पण २०१५ च्या 'ट्रेसपासर' या जोडभागात लवेलानला सगळं कळतं: जग आणि फेड (आत्म्यांचं जग) यांच्यातला पडदा त्यानेच उभारला, तिसऱ्या भागातला खलनायक कोरिफियस याच्या हाती सॉलसचा जादूई गोल पडला तो त्याच्याच डावामुळे. सगळं कळूनही ती सोबत यायची तयारी दाखवू शकते, आणि तो नाही म्हणतो. इथे लपवण्याचं कारण उरलेलं नाही, तरी ठरवतो तोच.

२०२४ च्या चौथ्या भागात, 'व्हेलगार्ड'मध्ये, आधीच्या गेमचा सेव्ह चालत नाही. पात्र बनवताना इन्क्विझिटरचे तीनच निर्णय विचारले जातात: रोमान्स कोणाशी, इन्क्विझिशन ही तिची संघटना ठेवली की मोडली, सॉलसला थांबवायचं की वाचवायचं. ही पायरी घाईत ओलांडली तर लवेलानची गोष्ट येतच नाही. रोमान्समध्ये सॉलस आणि वचनात 'वाचवायचं' निवडा. मग क्रॉसरोड्स या जादूई प्रदेशातल्या लांडग्याच्या सगळ्या मूर्ती गोळा करून त्याच्या आठवणी पूर्ण बघा, आणि मिथल या एल्फ देवीचं सत्त्व मिळवा. एकही मूर्ती राहिली तर समजावण्याचा शेवट उघडत नाही, लढणं किंवा फसवणं एवढंच उरतं.

त्या शेवटात मिथल त्याला आपल्या सेवेतून मुक्त करते आणि लवेलान त्याच्यासोबत फेडमध्ये जाते. जायचं ती ठरवते, आणि या वेळी तो तिला अडवत नाही. हा शेवट प्रेमकथेला न्याय देतो, असं मी ठामपणे म्हणेन. सॉलसचा जुना सोबती वॅरिक याचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. सॉलसने त्याला 'व्हेलगार्ड'च्या पहिल्याच प्रसंगात मारलं आणि रक्तजादूने ते रूकपासून, म्हणजे या भागाच्या नायकापासून, जवळपास शेवटपर्यंत लपवलं. ज्यांना यानंतर माफ करवत नाही, त्यांच्याशी लवेलानच्या नावाने वाद घालू नये.