येर्बा माते : काडी, भुकटी आणि मुरवण

येर्बा माते म्हणजे दक्षिण अमेरिकेतील एका झाडाची वाळवून कुटलेली पाने; ती तुंब्यात भरून, वर गरम पाणी घालून, तळाशी जाळी असलेल्या नळीने पितात. मागील नोंद आर्जेन्टिनाच्या काडीयुक्त, म्हणजे पानांबरोबर देठांचे तुकडेही असलेल्या येर्बापाशी थांबली होती. त्यानंतर तिच्या जोडीला उरुग्वेत लोकप्रिय असलेली 'कनारियास' आणली आणि दोन्ही आलटूनपालटून पिऊन पाहिल्या. आता माझे मत असे झाले आहे की, नवे पाकीट निवडताना छापाच्या नावाआधी काडीचे प्रमाण, भुकटी आणि वाळवलेले पान विक्रीआधी किती काळ साठवून मुरवले आहे, या तीन गोष्टी पाहाव्यात.

आर्जेन्टिनात काडीयुक्त येर्बामध्ये ३५ टक्क्यांपर्यंत काडी चालते. काडीमुळे कडूपणा सौम्य होतो आणि पाणीही नळीतून मोकळेपणाने वर येते. 'कनारियास'चे पान ब्राझीलमध्ये पिकते. त्यात काडी जवळजवळ नसते आणि भुकटी भरपूर असते, त्यामुळे पहिले दोन-तीन घोट चांगलेच जहाल लागतात, पण चव मात्र बराच वेळ टिकते. आर्जेन्टिनाच्या मिसियोनेस प्रांतातील 'रोसामोंते' मुरवलेली असल्याने तिच्यात लाकडी, किंचित धुरकट गोडी येते. याउलट ब्राझीलच्या शिमारांवची (तिथल्या मातेची) पूड सहसा न मुरवताच विकली जाते आणि तिचा ताजा हिरवा रंग लवकर उतरतो, म्हणून ती थोडीच घ्यावी.

भुकटीदार येर्बाला मांडणी नेटकी लागते. तुंबा (हा आपल्या दुधीच्याच जातीचा) दोन तृतीयांश भरून, तोंडावर तळवा दाबून उलटा हलवावा, म्हणजे बारीक पूड वर येते. मग तो हळूच तिरपा करून एका बाजूला पानांचा उतार रचावा. खोलगट बाजूला कोमट पाणी घालून पान फुगू द्यावे आणि त्यानंतरच नळीचे तोंड अंगठ्याने बंद करून ती तिथे तळापर्यंत खोवावी. पुढचे पाणी नळीलगत, थोडेथोडे ओतावे. उताराचा वरचा भाग कोरडा राहिला, तर चव टप्प्याटप्प्याने सुटत जाते. नळी ढवळण्याचा मोह टाळावा, कारण भुकटी जाळीत जाऊन बसते.

पाणी ७० ते ८० अंश सेल्सिअसचे घेतो. उकळत्या पाण्याने पान जळून सगळा कडूपणा एकदम उतरतो. शिवाय ६५ अंशांहून गरम पेये पिणे २०१६ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 'बहुधा कर्करोगकारक' गटात घातले असल्याने घोट निववूनच घेतो.

सध्या सकाळी 'रोसामोंते' आणि दुपारी 'कनारियास' असा क्रम बसला आहे. उन्हाळ्यासाठी पाराग्वेची 'पाहारितो' मागवली आहे. ती बर्फाच्या पाण्यात, पुदिना घालून, तेरेरे म्हणून करून पाहीन.