छपरासाठी तळ्यावर

आम्ही न्यू ब्रन्सविकला राहतो असं सांगितलं की भारतातले नातेवाईक हमखास विचारतात, म्हणजे टोरांटोजवळ का? तर नाही, टोरांटोपासून फार लांब, पार पूर्वेला, जिथे कॅनडा संपत आलेला असतो. या प्रांतातही फ्रेडरिक्टनहून हायवे पकडून वर वायव्येला साधारण दोन तास गेलं की पर्थ-अँडोव्हर लागतं आणि तिथून आत वळून टोबीक नदीच्या खोऱ्यात प्लास्टर रॉक. वस्ती हजाराच्या आसपास. एक लाकडाची गिरणी, बाकी सगळं जंगल, आणि गावात फिडलहेडचं भलंमोठं शिल्प, म्हणजे नेच्याचे गुंडाळलेले कोवळे कोंब असतात ना ते, वसंतात लोक नदीकाठून खुडून आणतात आणि उकडून लोणी घालून खातात. जगातलं सगळ्यात मोठं फिडलहेड आमचंच असं गाव सांगतं, आणि यात स्पर्धेला कोण उतरणार म्हणा.

पण मोठेपणाची ही सवय गावाला चांगलीच आहे, कारण २००२ साली याच गावाने गोठलेल्या तळ्यावरच्या हॉकीची, म्हणजे स्केट्स घालून खेळायच्या आइस हॉकीची, चक्क वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू केली. वर्ल्ड! हजार माणसांच्या गावाने! कुणाला विचारायचं नाही, कुठली आंतरराष्ट्रीय संघटना नाही, नाव ठेवलं आणि सुरू. मला ही हिंमत फार आवडते. आपण सोसायटीच्या कॅरम स्पर्धेला 'आंतरसोसायटी' म्हणतानासुद्धा दहादा विचार करतो.

आणि हे सगळं कशासाठी, तर वर्गणीसाठी. गावाला नवीन एरिना हवं होतं. एरिना म्हणजे छप्पर असलेलं बर्फाचं मैदान, खालून पाइप टाकून गोठवलेलं. कॅनडात गावाला एरिना नसणं म्हणजे काय हे इथे एक हिवाळा काढल्याशिवाय कळत नाही. पाच-सहा महिने बाहेर बर्फ, साडेचारला अंधार, मग माणसं भेटणार कुठे, तर तिथेच. पोरांची हॉकी, म्हाताऱ्यांचं चालणं, लग्नाच्या पार्ट्या, सगळं त्याच इमारतीत. त्यासाठी पैसा लागतो आणि केक विकून, रॅफलची तिकिटं फाडून एरिना होत नाही. तेव्हा डॅनी ब्रॉन आणि गावातल्या मंडळींच्या डोक्यातून ही आयडिया निघाली की आपल्याकडे रूलस्टन लेक आहे, थंडी तर फुकट आहे, चार-चार जणांच्या टीम बोलवू, एन्ट्री फी घेऊ. पहिल्या वर्षी ४० टीम आल्या, बहुतेक आसपासच्या प्रांतांतल्या आणि बॉर्डरपलीकडच्या अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या. मग गाजावाजा झाला आणि आकडा १२० टीमवर गेला, तळ्यावर वीसेक रिंक, म्हणजे खेळायची बर्फाची मैदानं, गावात गावाच्या कितीतरी पट माणसं. हॉटेलं असून असून किती असणार, त्यामुळे लोकांनी खेळाडूंना घरी ठेवून घेतलं, तळघरात गाद्या टाकल्या.

यातली गंमत बघा ना. छप्पर हवंय म्हणून पैसे गोळा करायचे, आणि विकायचं काय, तर छप्पर नसलेलं मैदान. आमच्याकडे काही नाही, वारा आहे, उणे वीस आहे, या. आणि लोक आले! तेही कोण, तर ज्यांच्या शहरांत डझनावारी एरिना आहेत असले लोक, विमानाचं तिकीट काढून.

तसं बघायला गेलं तर हॉकी मुळात तळ्यावरचीच. नोव्हा स्कोशियातलं विंडसर गाव सांगतं की आमच्या लाँग पाँडवर सुरू झाली, मॉन्ट्रियलवाले वेगळं सांगतात, हा वाद आपल्याकडच्या कुठल्याही जन्मस्थळाच्या वादाइतकाच न संपणारा आहे, सोडून देऊ. पण खेळ छपराखाली कधी गेला ते मात्र तारखेनिशी सांगतात: ३ मार्च १८७५, मॉन्ट्रियलची व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक, जेम्स क्रेटन नावाच्या माणसाने जमवलेला सामना, प्रत्येक बाजूला नऊ जण. आता बंद हॉलमध्ये प्रेक्षक बसलेले, चेंडू उडून कुणाच्या तोंडावर बसला तर काय, म्हणून चेंडूऐवजी लाकडाची चपटी चकती घेतली, तिलाच आता पक म्हणतात. छप्पर आलं तसे नियम आले, माणसं मोजून आली, घड्याळ आलं, तिकीट आलं. आणि मग हळूहळू तळं उरलं पोरांसाठी आणि आठवणींसाठी. कॅनडाच्या जुन्या पाच डॉलरच्या नोटेवर बर्फात हॉकी खेळणारी मुलं आहेत बघा, ती नोट आली तेही २००२ सालीच. आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सॉल्ट लेक सिटीला कॅनडाच्या पुरुषांनी ५० वर्षांनी हॉकीचं ऑलिम्पिक गोल्ड घेतलं. म्हणजे अख्खा देश हॉकीने येडा झालेला असताना प्लास्टर रॉकवाल्यांनी फावडी उचलली. टायमिंग म्हणतात ते हे.

फावडी हे मी उगाच लिहीत नाही. तळ्यावर रिंक करणं म्हणजे मुख्यतः फावडं मारणं, फार तर ट्रॅक्टर आणि प्लाऊ. मला आधी वाटायचं की एवढी थंडी आहे तर तळं आपोआप गोठेल, त्यात माणसाचं काय काम? पण पडलेला स्नो हा बर्फाचा शत्रू असतो. त्याची गोधडी अंगावर असली की खालचं पाणी गोठत नाही, बर्फ जाड होत नाही. शिवाय स्नोच्या वजनाने बर्फ खाली दबतो, फटींतून पाणी वर येतं आणि मधे गचगचीत लगदा तयार होतो, वरून पांढरंशुभ्र दिसतं आणि पाय टाकला की बूट ओला. म्हणून सीझनच्या सुरुवातीलाच, बर्फ माणसाचं वजन पेलायला लागला की लगेच, स्नो बाजूला सारत राहावं लागतं, प्रत्येक वेळी पडला की प्रत्येक वेळी. मग भोक पाडून तळ्यातलंच पाणी पंपाने वर ओतायचं, ते रात्रीत गोठतं, खडबडीत बर्फावर नवा गुळगुळीत थर. हे वीस रिंकांसाठी करायचं, दिवसा नोकरी करून, बिनपगारी. आमचे शेजारी घरामागच्या अंगणात एक छोटी रिंक करतात, नातवंडांसाठी, रात्री अकराला उणे पंधरात हातात होज धरून उभे असतात, तोंडात बिडी असावी तशी वाफ. एका रिंकेला एवढं, तर वीस रिंकांना काय होत असेल.

खेळ बघायला एका फेब्रुवारीत आम्ही गेलो होतो. माझ्या डोक्यात हॉकी म्हणजे टीव्हीवरची, काचेवर आदळणारी माणसं. इथे काच नाही, भिंत नाही, कडेला सारलेल्या स्नोचे बांध, तेही गुडघ्याएवढे. गोलकीपर नाही. गोल म्हणजे एक बुटकी लाकडी पेटी, दोन्ही टोकांना एकेक छोटी खाच, त्या खाचेतून पक आत गेला पाहिजे, म्हणजे जोरात मारून उपयोग शून्य, जवळ जाऊन हळूच सरकवायचा. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन हाफ. आणि सगळ्यात जास्त वेळ कशात जातो तर पक शोधण्यात, तो बांधात घुसला की बारीकशी चीर दिसते फक्त, मग दोन्ही टीमचे खेळाडू गुडघ्यावर बसून स्टिकने स्नो उकरतायत, एक जण म्हणतोय इथे होता, दुसरा म्हणतोय नाही रे तिथे, मगाशी एकमेकांना ढकलणारे हेच. पलीकडे चिप्स तळल्याचा वास, पिकअप ट्रकची रांग. एका माणसाची पूर्ण दाढी पांढरी झालेली, मला वाटलं वयस्कर आहे, आत तंबूत हीटरजवळ आला आणि पाच मिनिटांत दाढी काळी झाली.

जिंकलं तर काय मिळतं? स्टॅनली कपची, म्हणजे व्यावसायिक हॉकीतल्या सगळ्यात मोठ्या चषकाची, लाकडी प्रतिकृती. लाकूडतोड्यांच्या गावात चांदी कुठून येणार.

बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं तर त्यांनी सगळ्यात बरोबर प्रश्न विचारला, की मग आता ते एरिना झालं का? झालं की, टोबीक-प्लेक्स नाव त्याचं. मग आता बाहेर कशाला खेळतात, आत खेळावं ना? मी तिथेच चिप्सच्या रांगेत एका काकांना हे विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे जरा दयेने बघितलं आणि म्हणाले, आत तर रोजच खेळतो. आणि वळून केचप घेतला.

मोठ्या लोकांनाही हे कळलंच. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये एडमंटनला एनएचएलने, म्हणजे इथल्या मोठ्या व्यावसायिक हॉकी लीगने, उघड्या फुटबॉल स्टेडियममध्ये सामना घेतला, ५७ हजारांवर लोक, उणे १८ तापमान, मॉन्ट्रियलचा गोलकीपर हेल्मेटवर लोकरीची टोपी घालून उभा, ती टोपी सामन्यापेक्षा जास्त गाजली. मग २००८ पासून नववर्षाच्या सुमारास होणारा त्यांचा उघड्यावरचा सामना, विंटर क्लासिक. मिनियापोलिसला २००६ मध्ये अमेरिकेची तळ्यावरची स्पर्धा सुरू झाली, तिची ट्रॉफी आहे सोनेरी फावडं, हे मला लाकडी कपाहूनही पटतं, कारण खरं श्रेय त्याचंच. एनएचएलवाल्यांचं मात्र मला हसू येतं. लाखो डॉलरची यंत्रं लावून ते जे उभं करतात ते रूलस्टन लेकवर देव फुकट देतो.

म्हणजे देत होता म्हणायची वेळ यायला लागलीय. २०२३ च्या हिवाळ्यात ओटावाचा रिडो कनाल, गोठला की लोक ज्यावर स्केटिंग करतात तो कालवा, स्केटिंगसाठी उघडलाच नाही, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून एकही सीझन असा गेला नव्हता. २०२४ मध्ये मिनियापोलिसच्या तळ्यावर पाणी साचलं आणि स्पर्धा गुंडाळावी लागली. ऑन्टॅरियोतल्या एका युनिव्हर्सिटीतले लोक तर घरोघरच्या अंगणातल्या रिंकांची नोंद ठेवतायत, रिंकवॉच नावाचा प्रकल्प, आज स्केटिंग जमलं की नाही एवढंच लोकांनी कळवायचं, त्यातून हवामानाचा अभ्यास. आमचे शेजारी या विषयावर बोलायला लागले की थांबत नाहीत, पूर्वी डिसेंबरात कसा कडक बर्फ असायचा वगैरे, आणि मग होज गुंडाळत आत जातात. छप्पर बांधून ठेवलं ते बरं केलं असं म्हणणारे लोकही आता भेटतात, हे मला जरा टोचतं, पण ते चुकीचं बोलत नाहीत.

तरी आमच्या घरात सध्या वेगळंच चाललंय. नवऱ्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी टीम काढायचं ठरवलंय, सगळे मराठी, सगळे आयटीतले, सगळ्यांचं हॉकीचं ज्ञान टीव्हीपुरतं. चौघांतल्या दोघांना स्केटिंग येतं, तिसऱ्याला सरळ रेषेत येतं, चौथा म्हणतो मी गोलकीपर होतो, त्याला गोलकीपर नसतो हे अजून कुणी सांगितलेलं नाही. टीमचं नाव मात्र एकमताने ठरलंय, 'टोबीकचे टोणगे', टी-शर्टचं डिझाइनही ग्रुपवर येऊन पडलंय, आता एन्ट्री फी कोण भरणार यावरून परवापासून ग्रुप शांत आहे.