तुम्ही विचारलंत म्हणून: भरतीला नेट का जातं?

"दादा, पहिले भरतीलापण नेट चालायचं. आता का जातं?"

तुमच्या खाडीपलीकडच्या गावाला कोलशेतच्या एका गच्चीवरून डिशने, हवेतून नेट पुरवणारा तो मीच. हा प्रश्न मी बिल घ्यायला आलो की दारात ऐकतो, हळदीला आलो की पंगतीत ऐकतो. परवा कशेळीच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या, तर शेजारच्या रिक्षातून डोकं बाहेर काढून एकाने तोच विचारला. मी दर वेळी "पाण्यामुळे" म्हणतो आणि विषय बदलतो. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. तुम्हालाही ते कळतं, म्हणून तुम्ही पुन्हा विचारता. यंदा तिघांनी तोंडावर सांगितलं की मी पैसे वाचवायला डिशसाठी स्वस्तातली जागा घेतली. ते मनाला लागलं. म्हणून आता सगळं सांगतो.

आधी पाण्याचं. ठाण्याच्या कोलशेतकडून तुमच्याकडे येणारा सिग्नल ५.८ गिगाहर्ट्झवर चालतो, त्या लहरीची लांबी साधारण पाच सेंटिमीटर. एक लहर डिशमधून निघून सरळ शाळेमागच्या पोलवर पोचते. दुसरी खाली खाडीवर आपटते आणि उसळून त्याच पोलवर येते. दुसरीचा रस्ता वीतभर लांबचा. त्या वीतभरात अडीच सेंटिमीटरचा फरक पडला, की आत्तापर्यंत एकमेकींना हात देणाऱ्या लहरी एकमेकींना खोडायला लागतात. ओहोटीला मधे चिखल असतो, तिवरं म्हणजे खारफुटीची झाडं उघडी असतात, सगळं खडबडीत. तिथे आपटलेली लहर विखरून जाते. भरतीला पाणी पसरून सपाट होतं आणि सारखं चढत राहतं, त्यामुळे तो फरकही सारखा बदलत राहतो. सिग्नल पडतो, सावरतो, पुन्हा पडतो. पावसाचा याच्याशी संबंध नाही. तीन किलोमीटरच्या अंतरात या फ्रिक्वेन्सीला पाऊस फारसा अडवत नाही. पावसात नेट जातं ते वीज गेली म्हणून, नाहीतर कनेक्टरमध्ये पाणी शिरलं म्हणून, आणि कनेक्टरची चूक माझी असते हे मी नेहमी कबूल केलंय.

हे कळायला मला दोन महिने लागले. रेडिओ, म्हणजे डिशमागचं सिग्नल सोडणारं यंत्र, बदलला, केबल बदलली, ॲडॅप्टर बदलले. शेवटी तुमच्याच गावातले एक कोळी आजोबा, माझी धावपळ बरेच दिवस ओट्यावरून बघत होते, ते म्हणाले, "तिथीची पाऊणपट कर रे." चतुर्थीला भरती तीनला, अष्टमीला सहाला. "आणि आपली खाडी आत, अर्धा-पाऊण तास वर धर." मी घरी जाऊन लिंक पडल्याच्या सगळ्या नोंदी काढल्या आणि पंचांग शेजारी ठेवलं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला सगळ्यात वाईट, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीच्या दिवसांत जवळजवळ काही नाही. तेव्हापासून माझ्या फोनमध्ये पंचांग आहे. तक्रार आली की मी आधी तिथी बघतो आणि मग राउटर.

मग पहिले का जात नव्हतं? कारण पहिले डिश अठ्ठावीस मजली टॉवरच्या गच्चीवर होती. २०१८ च्या ऑक्टोबरात सरकारने ५ गिगाहर्ट्झमधली ६०५ मेगाहर्ट्झची पट्टी विनापरवाना वापरायला खुली केली. त्याआधी आम्ही सगळे छोटे नेटवाले पन्नास मेगाहर्ट्झच्या पट्टीत एकमेकांवर ओरडत होतो. पट्टी मोकळी झाल्यावर मी उंच जागा शोधली आणि ती मिळाली. तेवढ्या उंचीवरून खाली येणारी लहर तुमच्या गावाला लागून असलेल्या तिवरांत आपटायची आणि तिथेच विरायची. आत्ताची जागा सात मजली आहे. तिथून ती बरोबर पाण्यावर पडते. टॉवरला मी महिना आठ हजार देत होतो, इथे सहा देतो. या दोन हजारांपायी मी साठ कनेक्शनं घालवीन असं ज्यांना वाटतं त्यांनी मला नीट ओळखलेलं नाही.

टॉवरवरून मला कोणी काढलं नाही. उलट सोसायटीने ठराव करून मला राहू दिलं होतं. डिश मी स्वतः उतरवली.

सप्टेंबर २०१९. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. विषयपत्रिकेवर नववा विषय माझा होता: गच्चीवरील इंटरनेट उपकरणामुळे होणाऱ्या रेडिएशनबाबत. मी तयारी करून गेलो होतो. माझी बाजू बरोबर होती, आणि आजही बरोबर आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो. माझा रेडिओ पाव वॉटचा. मोबाइल टॉवरवरचा एकेक ट्रान्समीटर वीस वॉटच्या घरात असतो, आणि त्यांच्यासाठीसुद्धा आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा आहे. डिशचं तोंड खाडीकडे, खाली स्लॅब. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ साली रेडिओलहरींना २बी गटात, म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक' मध्ये घातलं, हे कोणी काढलं असतं तर त्याचंही उत्तर माझ्या फाइलमध्ये होतं: पुरावा मर्यादित आहे, म्हणूनच तो गट. हे सगळं मी वीस मिनिटं बोललो. लोकांना पटत होतं, तोंडावर दिसत होतं.

मग शेवटच्या रांगेतून एक ताई उभ्या राहिल्या. त्या अठ्ठाविसाव्या मजल्यावर राहायच्या. डिशच्या बरोबर खाली त्यांची झोपायची खोली. मुलगा सात वर्षांचा, ब्लड कॅन्सर, परळला उपचार चालू. हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. त्या भांडायला उठल्या नव्हत्या. आवाजही चढला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या मुलांच्या खोलीवर लावाल का हो तुम्ही हे?"

"लावलंय," असं म्हणायचं होतं. खरंच लावलेलं होतं. माझ्या घरावर तेव्हा दोन डिश होत्या आणि खाली माझी मुलगी झोपायची. एवढ्यावर ते मिटलं असतं. पण मला मिटवायचं नव्हतं, मला जिंकायचं होतं. मी विचारलं, "ताई, मुलाचा पहिला रिपोर्ट कधी आला?"

त्यांना वाटलं मी आपुलकीने विचारतोय. चेहरा जरा सैल झाला. "अकरा फेब्रुवारीला," त्या म्हणाल्या.

"माझी डिश वीस मार्चला लागली," मी म्हणालो, आणि सेक्रेटरींच्या सहीचा कागद वर धरला.

हॉलमध्ये कोणी बोललं नाही. त्या काही क्षण तशाच उभ्या राहिल्या. मग पदर सारखा केला आणि बसल्या. कोणीतरी पुढून म्हणालं, "झालं तर मग, मतदान घ्या." हात वर झाले. माझ्या बाजूने खूप होते, विरोधात सात-आठ. त्यांचा हात कुठल्याच वेळी वर गेला नाही. बाहेर चहा आणि वडे ठेवले होते. दोघांनी माझी पाठ थोपटली. मी दोन वडे खाल्ले, हे मला आठवतं, आणि ते आठवणं मला नको असतं.

नोव्हेंबरात एकदा रात्री पाऊण वाजता लिंक पडली. भरतीचा प्रश्न नव्हता, क्लॅम्पचा बोल्ट खाऱ्या हवेने गंजून डिश फिरली होती. बोल्ट कापून नवीन भोक पाडायचं, म्हणजे ड्रिल. टॉवरची लिफ्ट अठ्ठाविसाव्या मजल्यापर्यंत जाते, पुढे गच्चीचा जिना, आणि जिना त्यांच्या दारासमोरून. दाराशी चपलांचा स्टँड. वरच्या कप्प्यात सॅनिटायझरची मोठी बाटली. करोनाच्या आधीची गोष्ट आहे ही, तेव्हा घराच्या दाराशी सॅनिटायझर दिसला की काय ते कळायचं. खाली लहान निळे सँडल, एक उलटा पडलेला. त्याचा तळ पार कोरा होता, दुकानातून आणल्यासारखा, पण पट्टा जुना झालेला. ते सँडल घालून मूल कुठे चाललंच नव्हतं.

लिफ्टच्या आवाजाने दार उघडलं. त्यांनी मला ओळखलं. माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून विचारलं, "ड्रिल आहे का?"

"हो."

"तीन दिवसांनी आत्ता डोळा लागलाय त्याचा."

पुढे काही म्हणाल्या नाहीत. मला अडवलं नाही, रागही केला नाही. मी म्हणालो, "मी थांबतो." दार हळूच लागलं. मी गच्चीच्या जिन्यावर बसलो ते सकाळी साडेसहापर्यंत. त्या रात्री तुमचं गाव जवळजवळ सहा तास बंद होतं. तुमच्यातल्या एकाचं परदेशातल्या क्लायंटबरोबर काम चालायचं, त्याने मला सकाळी फोनवर वाटेल ते ऐकवलं. त्याचं बरोबर होतं. त्याला मी "पॉवर गेली होती" असं सांगितलं. ते खोटं होतं, ते आज परत घेतो.

त्या जिन्यावर मी फार काही ठरवलं नाही. एवढंच दिसत होतं की पुढचा बिघाड आला तरी मला याच दारासमोरून जायचंय, आणि माझ्या बोलण्यात आता एकही आकडा उरला नव्हता. डिसेंबरात मी डिश उतरवली. सोसायटीला पत्र दिलं: तांत्रिक कारणास्तव.

आता ज्या गोष्टीवर माझं माझ्याशीच भांडण आहे ती सांगतो. हॉलमध्ये कागद वर धरणारा तो माणूस अजून माझ्यात आहे आणि तो मला सोडत नाही. तो म्हणतो, तू एका चुकीच्या भीतीला खरं करून दाखवलंस. तुझी डिश निरुपद्रवी होती, तू ती काढलीस, आणि आता तिथले लोक म्हणतात, "बघा, काहीतरी होतं म्हणूनच काढली ना." हे खरं आहे. त्यानंतर शेजारच्या दोन इमारतींनी मला जागा नाकारली आणि दोन्ही ठिकाणी याच गोष्टीचा दाखला दिला. तो पुढे म्हणतो, एका घरासाठी तू दोनशे घरांचं नेट अधू केलंस, आणि ते कधी, तर लॉकडाउनच्या तीन महिने आधी.

याला मी काय सांगू? जून २०२० मध्ये शाळा मोबाइलवर सुरू झाल्या. तुमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई मला रविवारी रात्री फोन करायच्या, "या आठवड्यात भरती कधी कधी आहे?" मी तिथीवरून सांगायचो, आणि त्याप्रमाणे त्या चौथीचा वर्ग कधी नऊला, कधी अकराला, कधी दुपारी चारला लावायच्या. मुलांच्या आयांनी भिंतीवर वेळापत्रकाशेजारी तिथ्या लिहिल्या होत्या. त्या वर्षी कोणी माझ्यावर ओरडलं नाही. बाईंनी तर नाहीच. मला ते ओरडण्यापेक्षा जड गेलं.

तरीही डिश परत नेली नाही. बरोबर केलं का? कधी वाटतं हो. उधाणाच्या रात्री तुमचे लागोपाठ वीस फोन येतात तेव्हा वाटतं नाही. मला डिशची चूक मान्य नाही, कारण डिशची चूक नव्हतीच. त्या हॉलमध्ये एका आईकडून तिच्या मुलाच्या आजाराची तारीख काढून घेऊन तिच्यावरच फेकली, ती चूक माझी. मग शिक्षा डिशला का, आणि तुम्हाला का, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. मी माफीही मागितलेली नाही. तीनदा मेसेज लिहिला आणि खोडला. त्यांच्या मुलाचं पुढे काय झालं ते मला माहीत आहे. ते त्यांच्या घरचं आहे, मी सांगणार नाही, तुम्ही विचारू नका.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, फायबर का टाकत नाही. खाडीच्या दोन्ही काठांना तिवरं आहेत. उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालापासून तिवरांना आणि त्यांच्याभोवतीच्या पन्नास मीटरना हात लावायची सोय नाही, आणि तसं असावंच, ती तिवरं नसती तर पाणी तुमच्या अंगणात असतं. पुलावरून वळसा घालून भाड्याचं फायबर मी दीड वर्ष घेऊन बघितलं. रस्त्याचं काम निघालं की जेसीबी आधी तेच तोडायचा, आणि भाडं तुमच्या सगळ्यांच्या बिलांहून जास्त. २०२३ पासून मोठ्या कंपन्यांचं एअरफायबर, म्हणजे मोबाइल टॉवरवरून हवेतून येणारं घरचं नेट, आलंय. ज्यांनी घेतलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. त्यांच्या घरी राउटर काढायला गेलो तेव्हाही मी चहा घेऊनच निघालो.

आता काय करतोय ते सांगतो. शाळेमागच्या पोलवर आहे त्या डिशच्या पाच फूट खाली दुसरी लावतोय, वेगळ्या चॅनेलवर. वरच्या डिशपाशी दोन लहरी एकमेकींना खोडत असतील तेव्हा खालच्या डिशपाशी त्या जुळायला हव्यात, असा हिशोब आहे. राउटर ज्या डिशचा सिग्नल चांगला तिच्यावर जाईल. कागदावर बरोबर येतंय. पाण्यावर काय होईल ते अमावास्येला कळेल. त्या दिवशी भरती साधारण साडेबारा ते एकच्या दरम्यान. नेट लटकलं तर फोन करू नका, किती वाजता गेलं आणि किती वाजता आलं ते लिहून ठेवा. मी संध्याकाळी दारोदार येऊन घेऊन जाईन.