गडग्यातल्या तीन पायऱ्या

सप्टेंबर संपत आला होता, तरी सड्यावरचा, म्हणजे कोकणातल्या कातळपठारावरचा, पाऊस हटत नव्हता. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीची पायवाट अडवल्याचा अर्ज तहसीलदारांकडे आला होता आणि मंडळ अधिकारी म्हणून स्थळपाहणी माझ्याकडे होती. सोबत तलाठी, कोतवाल आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला गावनकाशा.

अर्ज मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खालचा. अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत तो द्यावा लागतो. वाडीवाले चौथ्या महिन्यात आले होते. 11 घरांची वाडी. शाळेत आणि एसटीच्या थांब्यावर जायची त्यांची वाट एका आंब्याच्या बागेतून उतरते. मे महिन्यात आंबा उतरवून झाल्यावर बागवाल्यानं गडग्यावरून, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणावरून, काटेरी तार ओढली आणि वाट बंद झाली. डांबरी रस्त्यानं वळसा अडीच किलोमीटरचा.

बागवाला पस्तिशीचा, मुंबईची नोकरी सोडून वडिलांची कलमं सांभाळायला आलेला. अंगणातच नकाशा मागून घेतला आणि म्हणाला, "मॅडम, दाखवा, कुठे आहे वाट?" नव्हतीच. गावनकाशावर पायवाट तुटक एकेरी रेषेनं दाखवतात, गाडीवाट दुहेरी. त्याच्या सर्व्हे नंबरातून एकही रेषा जात नव्हती. सातबाऱ्याच्या इतर हक्कातही काही नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता. पण नकाशावर नाही म्हणून वाटच नाही, असं कोकणात म्हणता येत नाही. इथल्या कितीतरी पाखाड्या आणि पाणंदी कुठल्याच कागदावर नाहीत. माणसं चालत राहिली म्हणून त्या आहेत. कलम 5 खाली बघायचं ते एवढंच, की वहिवाट होती का आणि ती कधी अडली.

त्याची खरी भीती वेगळीच होती, ती चहा पिताना बाहेर आली. आज पायवाट लिहून दिली की उद्या ग्रामपंचायत ती 23 नंबरला, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, लावणार, परवा रिक्षा येणार, मग जेसीबी. शेजारच्या गावात त्यानं तसं झालेलं पाहिलं होतं. शिवाय उनाड गुरं. चार वर्षांची कलमं एका रात्रीत खाल्ली तर भरपाई कोण देणार? मला त्याचं म्हणणं पटलं. जमीन त्याची आहे, घाम त्याचा आहे. वाट मागणाऱ्यांनी हे विसरू नये. त्या दिवशी वाडीतल्या एका तरुणानं 8.25 फुटांची मागणी केली तेव्हा मी तिथंच सांगितलं की तेवढी रुंदी नकाशावरच्या पायवाटेला धरतात, मोजणीची जुनी साखळी 33 फुटी, 16 आण्यांची, त्यातले ते 4 आणे. इथं जेवढी वहिवाट, तेवढीच वाट.

मग आम्ही गडग्यापाशी गेलो. करवंदीच्या जाळीत आणि घाणेरीत सगळं बुजलं होतं, कुठून चढायचं ते कळेना. कोतवाल कोयती मारायला लागला. तेवढ्यात वाडीतली एक म्हातारी पुढे झाली. पंचांमध्ये तिचं नाव नव्हतं, ती नुसती बघायला आली होती. म्हणाली, "थांब रे, हितं नाय, हितं." पातळ वर खोचून तिनं अनवाणी पाय पानांत घातला. खाली न बघता. पाय टेकला, आणि त्याच वेळी तिचा डावा हात गडग्यातल्या एका दगडावर गेला, आपल्या घराच्या चौकटीला जावा तसा. दुसरी पायरी, तिसरी. वर तार छातीशी आली तशी ती थांबली. "लगीन हून आल्ये ती ह्याच वाटंनं," एवढंच म्हणाली.

पानं बाजूला केली. गडगा साध्या ओबडधोबड दगडांचा, पण त्यात तीन चिरे आडवे बसवलेले, हातानं ताशीव, गडग्याच्या दोन्ही अंगांना बाहेर काढलेले. मधोमध वाटीसारखे झिजलेले. तिनं धरलेल्या दगडावर मी हात ठेवला. बाकी गडगा जांभ्याचा, हाताला टोचणारा. तो एकच दगड घागरीसारखा गुळगुळीत होता.

बागवाला बराच वेळ वाकून बघत होता. मग म्हणाला, "हे चिरे आमच्या जुन्या खाणीतले आहेत. घराच्या जोत्याला हेच आहेत." म्हणजे पायऱ्या वाडीवाल्यांनी घुसवलेल्या नव्हत्या. त्याच्याच घरातल्या कुणीतरी, स्वतःच्या गडग्यात, स्वतःच्या दगडानं त्या बांधून दिल्या होत्या. आत गुरं येऊ नयेत म्हणून गडगा, आणि माणसांना जाता यावं म्हणून पायऱ्या. माझ्या मते जमीनमालकाची जबाबदारी ती हीच. वाट अडवू नये, एवढंच कायदा सांगतो. त्या माणसानं गडगा घालतानाच माणसांच्या पायांचा विचार केला होता.

पंचनाम्यात मी लिहिलं: "3 फूट रुंदीची पायी वहिवाट, वाहनासाठी नाही. गडग्यात जुन्या 3 चिरेबंदी पायऱ्या, झिजलेल्या." शेवटचे चार शब्द त्यालाच वाचून दाखवले. त्यानं सही केली. पुढे तहसीलदारांचा आदेशही तसाच झाला: तार पायऱ्यांपुरती काढायची, तिथं बेडं, म्हणजे आडव्या काठ्यांचं फाटक, घालायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं ते लावून घ्यायचं.

पण मला आदेशापेक्षा निघतानाचं आठवतं. म्हातारी उतरताना मधला चिरा डगमगला आणि ती जरा लटपटली. बागवाल्यानं तिला धरलं. मग चिखलात गुडघे टेकून बसला, गडग्यातून एक चपटी चीप उपसून काढली, चिऱ्याखाली सारली आणि दगडानं ठोकली. उभा राहून स्वतः त्यावर पाय देऊन बघितला. अजून हलत होता. पुन्हा खाली बसला आणि दुसरी चीप शोधायला लागला.